रात्रीची तोफ आणि दाराचा अडसर

रात्री दहाच्या सुमारास तोफेचा एक बार व्हावा आणि त्यासरशी पुणे शहराने दाराआड जावे, असा एक काळ होता. मराठ्यांच्या चाकरीत असलेला विल्यम टोन नावाचा आयरिश लष्करी अधिकारी अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात होता. त्याने हा रिवाज लिहून ठेवला आहे. तोफ झाल्यावर जो कोणी रस्त्यावर आढळेल त्यास गस्तीचे लोक पकडीत आणि सकाळपर्यंत अडकवून ठेवीत. अवेळी बाहेर राहिल्यामुळे खुद्द पेशव्यांनाही एकदा सारी रात्र अटकेत काढावी लागली, असे टोन सांगतो. ही हकीकत अक्षरशः खरी असो वा नसो, त्या काळच्या बंदोबस्ताचा दरारा केवढा होता हे तीवरून ध्यानात येते.

एवढ्या कडक बंदोबस्ताची गरज पुण्यास का पडली? पहिल्या बाजीरावांनी १७३० साली शनिवारवाड्याचा पाया घातला आणि कसब्याभोवतीचे लहानसे गाव पाहता पाहता राजधानी बनले. सरदार आले, त्यांच्या पाठोपाठ सावकार व सराफ आले. पेठांमागून पेठा वसल्या. जेथे पैसा तेथे चोर, हा न्याय सर्वकाळ सारखाच. त्यात पावसाळा लागला की मोहिमेवरील शिपाई शहरात परत येत आणि श्रावणात दक्षिणेसाठी दूरदूरच्या प्रांतांतून हजारो ब्राह्मण जमत. शेजारी शेजाऱ्यास ओळखतो ही खेड्यातील खात्री अशा गर्दीत टिकणे शक्य नव्हते.

ह्या परिस्थितीला पहिले उत्तर दिले ते घर बांधणाऱ्या गवंड्याने आणि सुताराने. जुना वाडा आज पाहणाऱ्यास त्याची शोभा दिसते. परंतु त्यातील पुष्कळशी शोभा भीतीतून जन्मास आलेली आहे. बाहेरच्या अंगाला उंच, जाड भिंती आणि मोजक्याच खिडक्या. प्रकाश व वारा घ्यावयाचा तो आतल्या चौकातून. दरवाजा जाड फळ्यांचा, लोखंडी पट्ट्यांनी व खिळ्यांनी मढविलेला. तो सहसा पुरता उघडावयाचाच नाही, जाणेयेणे दिंडीतून. दिंडी इतकी ठेंगणी की आत येणाऱ्याने वाकूनच यावे आणि वाकलेला मनुष्य हत्यार उगारू शकत नाही. रात्री भिंतीच्या पोकळीतून ओंडक्यासारखा अडसर ओढून घेतला की दार आणि भिंत एकजीव होत. दाराच्या आत देवडी, देवडीवर पहारेकरी, त्यापुढे चौक आणि सर्वांच्या आत माजघर व तळघर. चोराला मज्जाव करणे जमले नाही, तरी त्याला उशीर लावावयाचा आणि तेवढ्यात घर जागे करावयाचे, हे ह्या रचनेचे मर्म होय.

परंतु वाडा किती जणांपाशी होता? सामान्य माणसाचे घर मातीच्या भिंतीचे. त्याचे दार कितीही भक्कम केले तरी चोर दाराशी जातच नसे. तो मागल्या बाजूची भिंत हळूहळू कोरून आत शिरे. घरफोडी हा शब्द त्या कामाला अगदी चपखल बसतो. तेव्हा मातीच्या घराचे रक्षण भिंतीने होत नसे. ते माणसानेच करावयाचे असे.

ते करणारा माणूस म्हणजे रामोशी. दक्षिणेत गावाची राखण बहुतेक ठिकाणी रामोशांकडे किंवा तशाच एखाद्या जमातीकडे वंशपरंपरेने असे. त्याचा मोबदला म्हणून शेतकऱ्यांकडून धान्य व इतर हक्क मिळत. ह्या व्यवस्थेतील महत्त्वाची गोष्ट जबाबदारीची होती. चोरी झाली तर पावलांचा माग काढीत चोराला पकडावे. माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेला तर तो त्या गावच्या राखणदाराच्या हवाली करावा. आणि माग लागला नाही तर नुकसान भरून द्यावे, असा दंडक असे. पगार घेऊन झोप काढणारा पहारेकरी ह्या व्यवस्थेत टिकणे कठीण होते, कारण झोपेची किंमत त्यालाच मोजावी लागे.

शहरात मात्र एवढ्याने भागेना. माग काढावयाचा तर धूळ हवी आणि गर्दीच्या पेठेत हजार पावले एकात एक मिसळलेली. म्हणून थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत, १७६४ साली, पुण्यास कोतवालाची नेमणूक झाली. गस्त, बाजारातील वजनमापे, शहरात येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद, लहानसहान तंट्यांचा निवाडा अशी नाना कामे त्याच्याकडे होती. पुढे कोतवालीवर दरमहा नऊ हजार रुपयांच्या आसपास खर्च होई आणि त्यातून प्यादे, घोडेस्वार व रामोशी पोसले जात. पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली एल्फिन्स्टनने जो अहवाल लिहिला त्यात पुण्याच्या ह्या बंदोबस्ताविषयी त्याने अनुकूल मत दिले आहे. जिंकणाऱ्याने जिंकलेल्याविषयी दिलेली ही साक्ष असल्यामुळे तिला वजन आहे.

तथापि ह्याच कोतवालीच्या इतिहासात एक काळे पान आहे. १७७७ साली नाना फडणविसांच्या कारभारात घाशीराम सावळदास हा कोतवाल झाला. औरंगाबादेकडून आलेला हा मनुष्य हुशार होता आणि नानांचा त्याच्यावर भरवसा होता. शहरातील बातमी काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. चौदा वर्षे शहराच्या रात्री त्याच्या मुठीत होत्या. १७९१ च्या ऑगस्टात दक्षिणेसाठी आलेले काही तेलंगी ब्राह्मण त्याच्या बागेत उतरले. त्यांनी बागेतील फळे काढली. तेव्हा चोर म्हणून त्यांना धरण्यात आले आणि सुमारे पस्तीस जणांना एका कोंदट, अपुऱ्या जागेत डांबून ठेवण्यात आले. मानाजी फाकडे यांनी कुलूप तोडून दार उघडविले, तेव्हा वीसांहून अधिक माणसे गुदमरून मेलेली आढळली.

शहर खवळले. जमाव नानांच्या वाड्याभोवती जमला आणि अखेर घाशीरामाला लोकांच्या हवाली करावे लागले. ३१ ऑगस्ट १७९१ रोजी जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. ह्यात न्याय किती आणि सूड किती, ह्याचा निवाडा आज करणे अवघड आहे. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. ज्या कुलपाने चोर अडकावयाचे त्याच कुलपाने निरपराध माणसे मारली. आणि हे घडले तेव्हा कोतवालाला जाब विचारणारे कायमचे असे कोणतेही स्थान शहरात नव्हते. रामोशाला चुकलेल्या चोरीची भरपाई द्यावी लागे. कोतवालाला चुकलेल्या अटकेची भरपाई कोणालाच द्यावी लागत नसे. म्हणूनच हिशेब चुकता झाला तो दगडांनी.

इंग्रजी अमलात ह्याच्या उलट बाजूची चूक घडली. रामोशांच्या राखणदारीचे जुने हक्क कोठे कमी झाले, कोठे बुडाले. पुरंदरच्या रामोशांचे किल्ल्याच्या रखवालीचे वंशपरंपरागत हक्क तर पेशवाईतच गेले होते आणि त्याच मुलखातून उमाजी नाईक उभा राहिला. कित्येक वर्षे सरकारला हुलकावण्या देऊन अखेर तो पकडला गेला आणि १८३२ साली पुण्यास फाशी गेला. आज त्याचे स्मरण इंग्रजांविरुद्ध उठलेला वीर म्हणून केले जाते. राखण करणाऱ्याची भाकर तोडली म्हणजे राखणही तुटते, हा त्या प्रकरणाचा धडा होता.

तो धडा सरकारी दप्तराला उमगला नसला तरी पुण्याच्या लष्करभागातील साहेबलोकांना पुरता उमगला होता. विस्तीर्ण आवारातील एकाकी बंगल्यांतून त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यासाठी रामोशीच ठेवले. रामोशी चाकरीस आहे तोवर घरास धोका नाही, असा त्यांचा विश्वास होता. पुढे १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि कालांतराने त्याची व्याप्ती वाढत गेली. पिढ्यान् पिढ्या राखण करणाऱ्या जमातींच्या कपाळी जन्मतःच संशयाचा शिक्का बसला. तो कायदा रद्द झाला १९५२ साली. पण महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशांचे नाव आजही आहे.

पहारेकऱ्यावरचा भरवसा उडाला की मनुष्य लोखंडाकडे वळतो. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि लक्षावधी लोक घरे टाकून गावोगाव पांगले. ओस पडलेल्या चाळी आणि बंद घरे चोरांना मोकळी सापडली. १८९७ साली अर्देशिर गोदरेज यांनी लालबागेत कुलपांचा कारखाना काढला. मुंबईतील वाढत्या घरफोड्यांची बातमी वाचून त्यांना हा धंदा सुचला, असे सांगतात. चांगले कुलूप देशात होऊ लागले, ही समाधानाची गोष्ट खरीच. परंतु कुलूप हाक मारीत नाही आणि शेजाऱ्याला उठवीत नाही. ते फक्त वेळ मिळवून देते. त्या वेळात धावून येणारे कोणी असेल तरच त्याचा उपयोग.

दाराचा अडसर, गावचा रामोशी, शहरचा कोतवाल आणि कारखान्यातील कुलूप ही चारही साधने आपापल्या जागी उपयोगी पडली. परंतु त्यांपैकी एकही एकटे पुरे पडले नाही. जेथे राखणदाराला पोट भरण्यापुरते मिळत होते आणि त्याच्या चुकीचा जाब विचारणारे कोणी होते, तेथे मातीच्या भिंतीही सुरक्षित राहिल्या. ह्यांपैकी एक गोष्ट ढळली तेथे उमाजीचे बंड झाले. दुसरी ढळली तेथे घाशीरामाची कोठडी झाली. आज वस्तीच्या फाटकाशी रात्रभर जागणाऱ्या पहारेकऱ्याचे नाव त्या वस्तीतील कितीजणांना ठाऊक असते, एवढा एक प्रश्न प्रत्येक घराने रात्री कडी लावताना स्वतःस विचारून पाहावा.