कुष्ठरोगाविषयीं पेशींची साक्ष

मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ऍक्वर्थ यांचें नांव पोवाड्यांच्या संग्रहामुळें आमच्या वाचकांस परिचित आहे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनीं तो संग्रह इ. स. १८९१ त प्रसिद्ध केला. त्याच्या आदल्याच वर्षीं या गृहस्थांच्या पुढाकारानें माटुंग्यास निराश्रित कुष्ठरोग्यांसाठीं आश्रम निघाला. त्याच सुमारास, १८९०-९१ सालीं, हिंदुस्थानांत हिंडलेल्या कुष्ठरोग-कमिशननें संसर्गाचा धोका अल्प असल्याचा अभिप्राय दिला. तथापि १८९८ च्या कायद्यानें भिक्षेकरी रोग्यांस पकडून आश्रमांत ठेवण्याचा अधिकार सरकारास मिळालाच. लोकांची भीति खरी कीं कमिशनचा अभिप्राय खरा, या वादाचा निकाल पुढें मानवी देहांतील प्रतिकारक पेशींनीं दिला. तो कसा, हें येथें पाहूं.

प्रथम नॉर्वेंतील बर्गेन शहराकडे वळलें पाहिजे. तेथील डॉ. डॅनिएलसेन हा रोग आनुवंशिक मानीत असत. त्यांनीं रोग्याच्या गांठींतील द्रव्य स्वतःच्या देहांत टोंचून घेतलें. रोग जडला नाहीं. त्यांचेच जामात हॅन्सेन यांस १८७३ त या रोगाचे जंतु दिसले. १८७९ त हॅन्सेन यांनीं, बधिरतेच्या प्रकारच्या रोगानें पीडित अशा एका स्त्रीच्या डोळ्यांत, तिची संमति न घेतां, गांठींचें द्रव्य टोंचलें. तिला गांठींचा रोग झाला नाहीं. मात्र १८८० त न्यायालयानें हॅन्सेन यांस रुग्णालयांतील पदावरून दूर केलें. या प्रयोगांवरून रोग संसर्गजन्य नाहीं असें म्हणावें, तर जंतु प्रत्यक्ष दिसलेले. आणि संसर्गजन्य म्हणावें, तर तो जडत कां नाहीं? दोन्ही पक्षांनीं जंतूचा विचार केला. ज्या देहांत तो शिरतो त्या देहाचा केला नाहीं.

ही उणीव जपानचे डॉ. मित्सुदा यांच्या परीक्षेनें भरून निघाली. गांठी उकळून व वांटून केलेलें द्रव्य त्यांनीं रोग्यांच्या त्वचेंत टोंचलें व १९१९ त निष्कर्ष मांडिला. ज्यांच्या अंगावर थोडेच चट्टे व जंतु विरळ, त्यांच्या त्वचेवर तीन-चार आठवड्यांनीं गांठ उठे. ज्यांचें अंग जंतूंनीं भरलेलें, त्यांच्या त्वचेवर कांहींच उमटत नसे. अनेक निरोगी माणसांतही गांठ उठे. द्रव्य एकच, उत्तरें भिन्न. अर्थात् भेद जंतूंत नसून देहांत होता.

त्याचें कारण पुढील संशोधनानें उलगडलें. देहांतील महाभक्षी पेशी जंतूस गिळतात. परंतु गिळणें म्हणजे मारणें नव्हे. गिळलेल्या जंतूचे अंश टी-पेशींनीं ओळखले, तर त्या इंटरफेरॉन-गॅमा नामक द्रव्य सोडितात; त्यानें महाभक्षी पेशी चेततात व जंतूस मारितात. जेथें टी-पेशी या जंतूपुरत्या निमूट राहतात, तेथें तीच भक्षक पेशी जंतूचें घर बनते. फिर्खो यांनीं १९ व्या शतकांत गांठींत पाहिलेल्या फेंसाळ पेशी त्या याच. अशा रोग्याच्या रक्तांत प्रतिद्रव्यें विपुल असतात. पण जंतु पेशींच्या आंत असल्यानें तीं निरुपयोगी ठरतात. या दोन टोंकांमधील पायऱ्या रिड्ली व जॉप्लिंग यांनीं १९६६ त पांच वर्गांत मांडिल्या. शंभरांपैकीं सुमारें ९५ माणसें स्वभावतःच या रोगास दाद देत नाहींत, हें आतां मान्य झालें आहे.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. प्रतिकार म्हणजे निव्वळ कल्याण नव्हे. मज्जातंतूंत दडलेल्या जंतूंवर पेशी तुटून पडतात, तेव्हां मज्जातंतूही सुजून निकामी होतात. हातापायांची बधिरता व व्यंग हीं पुष्कळ अंशीं या झुंजीचीं फळें आहेत. त्यांच्यावरून संसर्गाचें माप घेणें चुकीचें होय. आणि लोक तर रोग्यास व्यंगावरूनच ओळखीत व दूर लोटीत!

ज्ञान झालें म्हणजे वर्तन पालटतेंच असें नाहीं. मित्सुदा स्वतः आमरण सक्तीच्या पृथक्वासाचे पुरस्कर्ते राहिले. रुग्णालयांत विवाह करूं इच्छिणाऱ्या पुरुष रोग्यांचें निर्बीजीकरण १९१५ पासून त्यांनींच सुरू केलें. जपानांतील पृथक्वासाचा कायदा १९९६ त रद्द झाला. आपल्याकडील १८९८ चा कायदा देशाच्या कायदेसंग्रहांतून २०१६ त निघाला. पेशींची साक्ष १९१९ पासून उपलब्ध होती. ती ऐकिली जाण्यास येथें ९७ वर्षें लागलीं. त्या काळांत आश्रमांत कोणास व कां ठेविलें, हें त्या आश्रमांच्या दप्तरांवरून पाहिलें पाहिजे. आणि प्रत्येक नोंदीपाशीं विचारलें पाहिजे कीं, या माणसापासून कोणास खरोखर भय होतें?