घरपट्टीच्या बिलातलं १९७२

गेल्या दिवाळीत आम्ही भिवंडीत, टेमघरला वन बीएचके घेतला. जुनाच फ्लॅट, पण आमचं पहिलं घर. ईएमआय सुरू झाला, पडदे लागले आणि मग हातात आलं घरपट्टीचं बिल. नाव आधीच्या मालकाचं आणि खाली 'मागील थकबाकी'. मी चिडलो. त्यांची बाकी मी का भरू? आई एवढंच म्हणाली, "घर आता कुणाकडे आहे?"

कायदाही तेच विचारतो. मालमत्ता कराचा बोजा मालमत्तेवरच असतो. मालक बदलला तरी बाकी घराला चिकटून राहते.

मग बिल ओळीओळीने वाचलं. गंमत म्हणजे जवळपास प्रत्येक ओळीमागे एक जुनी गोष्ट निघाली.

'घरपट्टी' हा शब्द पेशवाईतही होता, पण तेव्हा तो पैसा सरकारच्या तिजोरीत जायचा. भिवंडीत नगरपालिका आली १८६० च्या दशकात. गावातून गोळा केलेली पट्टी गावाच्या दिव्याबत्तीला आणि सफाईला वापरायची, ही कल्पना तिथून रुजली.

पुढे 'करयोग्य मूल्य'. घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं येईल, त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा. आपण स्वतः राहत असलो तरी हिशोब भाड्याचाच! हा इंग्रजांचा वारसा. मुंबईत याचा पेच झाला. १९४७ च्या भाडे कायद्याने चाळींची भाडी गोठली, मग त्यावरची पट्टीही गोठली. शेवटी २०१० पासून मुंबई घराच्या भांडवली मूल्याकडे वळली.

पाण्याच्या ओळीला तर आमच्या गावाचंच नाव आहे. शहाडला उल्हास नदीतून उचललेलं पाणी टेमघरला शुद्ध होतं आणि भिवंडीबरोबर ठाणे, मीरा-भाईंदरलाही जातं. 'स्टेम' म्हणतात ना, ते शहाड-टेमघरच.

मग राज्याचे कर. ते महापालिका फक्त वसूल करते. शिक्षण कर १९६२ च्या कायद्याचा. आणि त्याच्याच शेजारी 'रोजगार हमी कर'. माझ्या बिलात तिथे शून्य होतं. समोरच्या शेडमधल्या लूमवाल्या चाचांना विचारलं, तर त्यांच्या बिलात आकडा! कारण हा कर राहत्या घरांना नाही, धंद्याच्या जागांना आहे.

तो आला कुठून? १९७२ च्या दुष्काळातून. विहिरी आटल्या, शेतं करपली, लाखो माणसं खडी फोडायला आणि पाझर तलाव खणायला गेली. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये कायदा झाला, तो १९७९ पासून लागू झाला: काम मागेल त्याला काम. पैसा कुठून आणायचा? मोठा वाटा शहरांनी द्यायचा ठरला. तुमच्या सॅलरी स्लिपमधला प्रोफेशनल टॅक्स आठवतोय? महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. तोही १९७५ मध्ये याच कामासाठी लागला. पुढे २००५ मध्ये देशभराचा रोजगार हमी कायदा झाला, तेव्हा डोळ्यांसमोर महाराष्ट्राचाच नमुना होता.

म्हणजे भिवंडीत लूम खटखटतो आणि त्याच्या जागेच्या बिलातून दुष्काळी गावातल्या मजुरीला हातभार लागतो. त्यानंतर बिलाकडे बघून तेवढा राग येईना. रस्त्यावरच्या खड्ड्यांचा येतो, पण तो राग हक्काने येतो. कारण आता पट्टी मीही भरतो.

आता कामाचं बोलू. माझी चूक तुम्ही करू नका. घर घेण्याआधी शेवटची घरपट्टीची पावती आणि थकबाकी नाही असा दाखला मागा. खरेदीची नोंदणी झाली की तीन महिन्यांच्या आत महापालिकेला कळवून नाव बदलून घ्या. आणि लक्षात ठेवा, पट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नाही. अनधिकृत बांधकामालाही पट्टी लागते, पण त्याने ते अधिकृत होत नाही.

आधीच्या मालकांनी दोन फोननंतर निम्मी बाकी दिली. उरलेली मी भरली. नव्या बिलावर आता आईचं आणि माझं नाव आहे. आईने ते देवघरात ठेवलंय.

तुमच्या घरचं बिल काढा, एकदा वाचा. भेटू पुढच्या भागात!