गाडींतला खर्ज

मोटारींत बसून तबल्याची साथ असलेलें एखादें गाणें आपण ऐकतां, तेव्हां एक गोष्ट कदाचित् आपल्या ध्यानांत आली असेल. गायकाचा स्वर ऐकूं येतो, तबल्याची चाट ऐकूं येते, तंबोऱ्याची जवारीही जाणवते. पण डग्ग्याचा घुमार मात्र हरवलेला असतो. तो यावा म्हणून आवाज वाढवावा, तर घुमार येत नाहींच, उलट गायकाचा स्वर फाटूं लागतो. अमेरिकेंत पिकअप ट्रक विकत घेणाऱ्या पुष्कळ तरुणांची हीच तक्रार असते. मग ते कारखान्यानें बसविलेला स्टिरिओ तसाच ठेवून त्याला एक निराळा ॲम्प्लिफायर व सबवूफर जोडतात. ॲम्प्लिफायर म्हणजे ध्वनीच्या विद्युत्-रूपाला बळ देणारें यंत्र, आणि सबवूफर म्हणजे केवळ खर्ज वाजविणारा मोठा स्पीकर. वरवर पाहतां हा तरुणपणाचा एक षोक वाटतो. परंतु त्याच्या मागें शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो इतिहास असें सांगतो कीं, हें बळ आवाज मोठा करण्यासाठीं नसून निर्मळ ठेवण्यासाठीं असतें.

आरंभीं कर्ण्याचा काळ होता. १९१५ सालीं कॅलिफोर्नियांतील नापा या गांवीं पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम या दोघांनीं चुंबकाच्या क्षेत्रांत तारेचें वेटोळें हालवून कर्ण्यांतून मोठा आवाज काढला. १९१९ च्या सप्टेंबरांत अध्यक्ष वुड्रो विल्सन सॅन डिएगो येथें सुमारें पन्नास हजार श्रोत्यांपुढें बोलले, ते अशाच कर्ण्यांच्या साहाय्यानें. परंतु खोल स्वर काढावयाचा तर कर्णा फार लांब व रुंद तोंडाचा लागतो. त्यामुळें भाषण दूरवर जाई, खर्ज जात नसे.

ही अडचण १९२५ सालीं जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं दूर केली. त्यांनीं कर्णा काढूनच टाकला आणि कागदाचा एक शंकु वेटोळ्याला जोडून तो सरळ हवा ढकलूं लागेल अशी योजना केली. आजचे बहुतेक सर्व स्पीकर याच योजनेचे वंशज आहेत. खर्ज मिळाला, पण त्याची किंमत द्यावी लागली. कर्ण्याविना स्पीकर थोड्या शक्तींत बोलेना. म्हणून या दोघांना त्याच्या जोडीला सुमारें एक वॅट शक्तीचा ॲम्प्लिफायरही सिद्ध करावा लागला. खर्ज हवा तर ॲम्प्लिफायर हवा, हें नातें तेव्हांपासूनचें आहे.

शक्ति वाढली तसा तिच्याबरोबर विकारही वाढला. त्यावर उपाय सुचला तो बेल प्रयोगशाळेंतील हॅरल्ड ब्लॅक या तरुण अभियंत्याला. २ ऑगस्ट १९२७ रोजीं सकाळीं हडसन नदींतील नावेनें कामावर जात असतां त्यानें हातांतील ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच आपली आकृति काढली. ॲम्प्लिफायरनें दिलेल्या शक्तीचा कांहीं अंश उलटा फिरवून पुन्हा त्याच्याच आरंभीं आणून सोडावा, म्हणजे जोर कमी होतो, पण त्याच प्रमाणांत दोषही धुऊन निघतो, अशी ती कल्पना होती. जोर खर्च करून शुद्धता विकत घेण्याचा हा व्यवहार त्या वेळीं इतका चमत्कारिक वाटला कीं, पेटंट हातीं पडावयाला १९३७ साल उजाडलें.

आतां गाडीकडे वळूं. १९३० च्या जून महिन्यांत शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनीं आपल्या मोटारींत रेडिओ बसविला आणि अटलांटिक सिटी येथें भरलेल्या रेडिओ-कारखानदारांच्या संमेलनाबाहेर ती गाडी उभी करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो ऐकविला. त्याचें ‘मोटोरोला’ हें नांव पुढें जगभर झालें. परंतु व्हॉल्व्हना शेंदोनशें व्होल्टचा दाब लागे, आणि गाडीच्या बॅटरींत होते अवघे सहा व्होल्ट. प्रथम जास्त दाबाच्या निराळ्या बॅटऱ्या गाडीच्या तळाशीं ठेवाव्या लागत. पुढें थोड्याच वर्षांत ‘व्हायब्रेटर’ आला. ही एक लहानशी थरथरणारी पट्टी. ती बॅटरीचा सरळ प्रवाह दर सेकंदाला शंभराहून अधिक वेळां तोडी व जोडी. अशा तुटक प्रवाहाचा दाब ट्रान्सफॉर्मरनें वाढवितां येतो. वाढल्यावर तो पुन्हा सरळ करावयाचा. ही युक्ति आपण लक्षांत ठेवावी.

१९४७ च्या डिसेंबरांत बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि १९५५ सालीं क्रायस्लर व फिल्को या कंपन्यांनीं एकही व्हॉल्व्ह नसलेला मोटार-रेडिओ जाहीर केला. ट्रान्झिस्टर बॅटरीच्या दाबावरच चालतो. व्हायब्रेटरची गरज संपली. याच सुमारास अमेरिकन गाड्यांच्या बॅटऱ्याही सहाच्या बारा व्होल्ट झाल्या. पण सोयीबरोबर एक मर्यादाही आली. गाडी चालू असतां मिळणाऱ्या सुमारें १४ व्होल्टांवर साधा ॲम्प्लिफायर चार ओहमच्या स्पीकरला फार तर सहा-साडेसहा वॅट देऊं शकतो. दोन ॲम्प्लिफायर उलटसुलट जोडून एकच स्पीकर ओढविला, तर हिशेबानें चौपट, म्हणजे सव्वीस वॅट होतात. कारखान्याच्या स्टिरिओची साधारण धांव येथेंच संपते. त्याहून अधिक मागितलें कीं ध्वनिलहरीचीं शिखरें छाटलीं जातात. गायकाचा स्वर फाटतो तो यामुळें. अशा वेळीं ब्लॅकची युक्तिही कामास येत नाहीं, कारण द्यावयाला दाबच उरलेला नसतो.

सव्वीस वॅट पुरत कां नाहींत? स्वर एक सप्तक खालीं उतरला कीं, तितकाच जोर राखण्यासाठीं स्पीकरला चौपट हवा हालवावी लागते; दारांत बसविलेला सहा इंची स्पीकर तेथें थकतो. शिवाय आपला कानच खर्जाच्या बाबतींत मंद आहे, हें फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं मोजून दाखविलें. म्हणून खर्जासाठीं मोठा स्पीकर आणि त्याला पेटी लागते. पेटी नसेल तर शंकूच्या पुढची हवा मागें वळून मागच्या हवेशीं मिळते व नाद मावळतो. भांड्यावांचून डग्गा नाहीं, तसा पेटीवांचून सबवूफर नाहीं. तिच्या मापांचें गणित ऑस्ट्रेलियांतील नेव्हिल थील यांनीं १९६१ सालीं मांडलें व पुढील दशकांत रिचर्ड स्मॉल यांनीं तें विस्तारलें. ट्रकच्या बैठकीमागील अरुंद जागेंत आज खर्ज बसतो, तो या गणिताच्या आधारें.

आणि शक्ति? निराळा ॲम्प्लिफायर उघडून पाहिला तर आंत तीच जुनी युक्ति दिसते. बॅटरीचा प्रवाह तोडावयाचा, दाब वाढवावयाचा, पुन्हा सरळ करावयाचा. फरक इतकाच कीं, पट्टीच्या जागीं ट्रान्झिस्टर आले आणि शंभर वेळांच्या जागीं दर सेकंदाला हजारों वेळां. व्हायब्रेटर असा नव्या वेषांत परत आला आहे.

हें काम करवून घेतांना दोन गोष्टींत हयगय करूं नये. पांचशें वॅटचा ॲम्प्लिफायर जोरांत असतां पन्नास अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. म्हणून बॅटरीपासून जाड तार घ्यावी आणि बॅटरीच्या अगदीं जवळ फ्यूज बसवावा. तो फ्यूज यंत्राचा नव्हे, तारेचा रक्षक आहे. तार घासून पत्र्याला टेकली तर गाडीला आग लागूं शकते. दुसरें, सबवूफरला सुमारें ८० कंपनांच्या खालचेच स्वर द्यावे आणि मूळ स्टिरिओवरील खर्जाची कळ थोडी उतरवावी. मग दारांतले लहान स्पीकर मोकळे होतात व गायकाचा स्वर स्वच्छ येतो. चांगल्या जोडणीची ही खूण आहे कीं, सबवूफर वाजतो आहे हें कळत नाहीं. तो बंद केला म्हणजे कळतें.

याच यंत्रांची भिंत ट्रकवर रचून ती मिरवणुकींत फिरविलेली आपण पाहतों. तेथें शक्ति आहे, संगीत नाहीं. ८५ डेसिबेलच्या आवाजांत दिवसाला आठ तासांपेक्षां अधिक राहूं नये, आणि दर तीन डेसिबेलांनीं ही मुदत निम्म्यानें कमी धरावी, असा कानाच्या आरोग्याचा हिशेब अमेरिकेंतील आरोग्यसंस्थेनें घातला आहे. आपल्या देशांतही २००० सालच्या नियमांनीं निवासी भागाला दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेलांची मर्यादा घातली आहे. बंद गाडींत हें मोजणारा दुसरा कोणी नसतो. तें आपलें आपणच मोजावें लागतें. यंत्र बिघडलें तर बदलतां येतें, गेलेली श्रवणशक्ति परत येत नाहीं. डग्ग्याचा घुमार ऐकावयाचा तर आधीं कान शाबूत हवा.