शिसवीची पट्टी

जुन्या इलेक्ट्रिक गिटारचा पारखी रंगावर जात नाही. फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर समोर आली की तिच्या मानेमागचे चार स्क्रू तो काळजीने सोडवतो, मान धडापासून वेगळी करतो आणि तिच्या टोकाचा छेद उजेडात धरतो. त्या छेदात दोन लाकडांचा सांधा दिसतो. खाली मेपलचे फिकट लाकूड आणि वर काळपट तपकिरी पट्टी. सांध्याची रेघ सरळ असेल तर वाद्य १९५९ ते १९६२ च्या मध्यापर्यंतचे. रेघ कमानीसारखी वळलेली असेल तर त्यानंतरचे. सरळ रेघेची पट्टी जाड असते, वळलेल्या रेघेची पातळ. धड तेच, आकार तोच, आवाजही बराचसा तोच. पण संग्राहकांच्या बाजारात या एका रेघेने किमतीत मोठा फरक पडतो.

ही पट्टी म्हणजे फ्रेटबोर्ड. वादकाची बोटे आयुष्यभर तिच्यावर फिरतात. महागड्या गिटारी जमवण्याचा छंद ज्या बारकाव्यांवर उभा आहे, त्यांत या पट्टीचा मान मोठा. तिची कुळकथा ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या जंगलात सुरू होते आणि आपल्या सह्याद्रीत येऊन पोहोचते. पुण्याजवळच्या मुळशीच्या डोंगरात राहून गिटारी जमवणाऱ्याने ती माहीत करून घ्यावीच, कारण त्याच्या हातातल्या वाद्याचे आणि त्याच्या डोंगराचे नाते या पट्टीतूनच जाते.

इलेक्ट्रिक गिटारच्या आरंभी ही पट्टी नव्हतीच. १९३२ मध्ये बाजारात आलेली रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन' ही हवाईयन पद्धतीने मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार होती आणि ती ॲल्युमिनियमची ओतीव होती. लिओ फेंडर यांनी १९५० मध्ये भरीव लाकडी धडाची गिटार काढली, तीच पुढच्या वर्षी टेलिकास्टर झाली. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. या दोन्हींची मान अखंड मेपलची होती आणि सुरांच्या जागा ठरवणारे धातूचे फ्रेट थेट तिच्यातच ठोकलेले असत. मेपल फिकट असते, म्हणून त्यावर लॅकरचा थर द्यावा लागे. वाजवून वाजवून तो थर जिथे बोटे टेकतात तिथे घासून जाई आणि उघड्या लाकडात घाम-मळ मुरे. दोन वर्षांची गिटार दहा वर्षांची दिसू लागे. यावर तोड म्हणून १९५८ च्या जॅझमास्टरवर आणि १९५९ मध्ये स्ट्रॅटोकास्टरवर रोझवूडची पट्टी आली.

रोझवूड ही तंतुवाद्ये घडवणाऱ्यांची जुनी निवड. गिब्सन कंपनीने १९५२ मध्ये लेस पॉल काढली तेव्हापासून तिच्या मानेवर हीच पट्टी होती. या लाकडाला स्वतःचे तेल असते, त्यामुळे वर लॅकर लागत नाही. ते घट्ट असते, तारांच्या घर्षणाला टिकते, आणि फ्रेटचे पाते बसवण्यासाठी पाडलेली बारीक खाच त्यात फाटत नाही. मुळातच गडद असल्याने हाताचा मळही त्यात लपून जातो. त्या काळी हे लाकूड ब्राझीलचे असे. त्या देशाच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या अटलांटिक जंगलातले ते झाड, शास्त्रीय नाव डालबर्जिया नायग्रा.

याच सुमारास, कोणालाही कल्पना नसताना, भावी संग्राहकांसाठी दुर्मिळता तयार होत होती. गिब्सनने १९५८ ते १९६० या काळात लेस पॉलला कडेला लालसर आणि मधे पिवळी होत जाणारी रंगछटा दिली. अशा गिटारी सुमारे दीड हजारच निघाल्या. खप बेताचा होता, म्हणून १९६१ मध्ये तो आकारच बंद झाला. पुढे इंग्लंडमधल्या तरुण वादकांनी त्या जुन्या म्हणून स्वस्तात घेतल्या. कीथ रिचर्ड्स १९६४ मध्ये त्यातली एक वाजवत होता. एरिक क्लॅप्टनने १९६६ मध्ये जॉन मेयॉलबरोबरच्या ध्वनिमुद्रणात लेस पॉलचा जो जाड, लांब रेंगाळणारा सूर काढला, तो ऐकून सगळ्यांनाच ती हवीशी झाली. आणि ती तर कारखान्यात बनतच नव्हती. गिब्सनला १९६८ मध्ये लेस पॉल पुन्हा सुरू करावी लागली. पण तोवर ओढ जुन्या वाद्यांकडे लागली होती.

फेंडरच्या बाबतीत निमित्त वेगळे झाले. जानेवारी १९६५ मध्ये लिओ फेंडर यांनी कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. नंतरच्या वर्षांत दर्जा घसरल्याची वादकांची तक्रार वाढत गेली, आणि विक्रीपूर्वीची गिटार व विक्रीनंतरची गिटार अशी कायमची फळी पडली. जॉर्ज ग्रुन यांनी १९७० मध्ये नॅशव्हिलला जुन्या वाद्यांचे दुकान काढले. क्रमांक, तारखा, तारेखालच्या पिकअपवरची गुंडाळी, स्क्रूची ठेवण, लाकडाची जात अशा खुणांवरून वाद्याचे साल ठरवण्याची विद्या त्यांच्यासारख्यांच्या हातून शास्त्राच्या पदाला पोहोचली. आज १९५९ च्या लेस पॉलला लाखो डॉलर मोजले जातात. गिटारवादक डेव्हिड गिल्मरची काळी स्ट्रॅटोकास्टर जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली.

या विद्येत 'ब्राझिलियन बोर्ड' हा मानाचा शिक्का झाला, आणि त्यामागचे कारण जंगलातले आहे. तोडीने ते झाड विरळ होत गेले. साठीच्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीला आवर घातला. कारखानदारांनी दुसरे लाकूड शोधले, आणि ते त्यांना भारतात सापडले. फेंडरने साठीच्या दशकाच्या मध्यानंतर भारतीय रोझवूड घेतले. मार्टिनसारख्या १८३३ पासूनच्या घराण्यानेही १९६९ च्या अखेरीस आपल्या अकूस्टिक गिटारींसाठी तेच स्वीकारले. तेव्हापासून जगभरच्या चांगल्या गिटारींच्या असंख्य मानांवर भारतीय लाकूड आहे. ते लाकूड म्हणजे आपला शिसव. डालबर्जिया लॅटिफोलिया, ब्राझीलच्या झाडाचा सख्खा भाऊबंद.

शिसव मराठी घराला नवा नाही. वाड्यातला शिसवी झोपाळा, शिसवी पलंग, देव्हारा, तांदळाची पेटी हे वैभव पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कारागिरांनी याच लाकडात कोरलेले सोफे, खुर्च्या आणि टेबले इंग्लंडपर्यंत गेली. 'बॉम्बे ब्लॅकवुड' म्हणून ती आजही संग्रहालयांत दिसतात. हा वृक्ष पश्चिम घाटाच्या पानगळी आणि दमट जंगलांत वाढतो. पान संयुक्त, त्यावर पाच-सात गोलसर रुंद पर्णिका, एकीआड एक लागलेल्या. फुले बारीक, पांढुरकी. शेंगा चपट्या आणि कागदासारख्या पातळ. खोड चिरले की बाहेरचा भाग पिवळट निघतो आणि आत जांभळट तपकिरी गाभा, त्यात काळ्या रेषा. गिटारला हवा असतो तो हा गाभा, आणि तो तयार व्हायला अनेक दशके लागतात. वाळलेले लाकूड घनमीटरला सुमारे ८३० किलो भरते. ताजे रंधलेले शिसवी लाकूड नाकाशी धरले की गोडसर वास येतो, आणि नुसत्या कापडाने पुसले तरी त्यावर तेज चढते.

मुळशीचे इलेक्ट्रिक गिटारशी आणखी एक नाते आहे, विजेचे. तारेखालच्या पिकअपमध्ये चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. तार थरथरली की वेढ्यांत अगदी क्षीण प्रवाह उमटतो. तो ऐकू येण्याजोगा करायला ॲम्प्लिफायर लागतो आणि ॲम्प्लिफायरला लागते वीज. मुंबईची वीज टाटांच्या जलविद्युत योजनांमधून आली: खोपोली १९१५, भिवपुरी १९२२ आणि मुळशीच्या पाण्यावरचे भिरा १९२७. नीला-मुळेच्या खोऱ्यात धरण बांधून ते पाणी सह्याद्री ओलांडून कोकणात भिऱ्याला उतरवले गेले. त्यासाठी मावळ्यांची गावे आणि भाताची खाचरे पाण्याखाली गेली. १६ एप्रिल १९२१ रोजी इथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातून सेनापती झाले. पुढे मुंबईच्या स्टुडिओंत व्हॅन शिप्ले यांनी इलेक्ट्रिक गिटारवर चित्रगीते वाजवून त्यांच्या रेकॉर्डी घराघरांत पोहोचवल्या, आणि १९७१ मध्ये भूपिंदर सिंग यांच्या गिटारने राहुल देव बर्मन यांचे 'दम मारो दम' सुरू झाले. त्या ॲम्प्लिफायरांना जी वीज मिळत होती तिच्यात मुळशीच्या पाण्याचा वाटा होता. हे ऋण या छंदाच्या इतिहासात लिहिले गेले पाहिजे.

परदेशी गिटार विकत घेणे तेव्हा फार थोड्यांना जमे. धोबी तलावचे फुर्टाडोज हे १८६५ पासूनचे दुकान तरुणांनी काचेतून पाहावे, कोणी परदेशातून परतताना एखादी गिटार आणावी, नाहीतर कोलकात्याच्या गिवसनवर हात बसवावा, अशी रीत होती. आयात खुली झाल्यावर अस्सल फेंडर-गिब्सन इथे मिळू लागल्या, आणि जमवण्याचा छंद मराठी घरांतही आला. अनेकदा त्या गिटारीच्या मानेवर इथलेच लाकूड जग फिरून परत आलेले असते.

ही फेरी किती नाजूक आहे हे २०११ मध्ये दिसले. २४ ऑगस्टला अमेरिकी सरकारच्या अधिकाऱ्यांनी गिब्सनच्या नॅशव्हिल आणि मेम्फिसच्या कारखान्यांवर छापे घातले आणि भारतातून आलेल्या शिसव व एबनी या काळ्या लाकडाच्या पट्ट्या जप्त केल्या. परदेशात तिथला कायदा मोडून निघालेले लाकूड अमेरिकेत बाळगणेही गुन्हा ठरवणारा 'लेसी ॲक्ट' मूळ १९०० चा. २००८ मध्ये तो झाडांनाही लागू झाला. वाद जाडीचा होता. भारतीय नियमांत सहा मिलिमीटरपेक्षा जाड चिरलेले लाकूड आणि त्याहून पातळ पत्रे यांचे वर्ग वेगळे होते. जाडाची निर्यात बंद, पातळाची खुली. फ्रेटबोर्डच्या कच्च्या पट्ट्या त्याहून जाड होत्या. ऑगस्ट २०१२ मध्ये तडजोड झाली. मादागास्करच्या एबनीच्या आधीच्या प्रकरणात गिब्सनने तीन लाख डॉलर दंड भरला, आणि भारतीय लाकूड कंपनीला परत मिळाले. त्या लाकडाच्या पट्ट्या लावून गिब्सनने 'गव्हर्नमेंट सिरीज' नावाच्या गिटारी काढल्या. आता त्याही जमवल्या जातात.

मग सगळ्या जगाचा नियम आला. ब्राझीलचे झाड धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरच्या 'साइट्स' करारात १९९२ मध्येच सर्वांत कडक यादीत गेले होते. २ जानेवारी २०१७ पासून डालबर्जियाच्या बाकीच्या सगळ्या जातीही दुसऱ्या यादीत आल्या, आणि एक गिटार सीमेपार विकायची तरी परवाना लागू लागला. वादक आणि कारखानदार हैराण झाले. २०१९ च्या जिनिव्हा परिषदेत तयार वाद्यांना सूट मिळाली. पण ब्राझीलच्या लाकडाला नाही. म्हणून १९५९ ची लेस पॉल परदेशातून मागवणाऱ्याला आजही कागदपत्रांचा सोपस्कार चुकत नाही.

मुळशीत अशी गिटार सांभाळणे हीही साधनाच आहे. इथल्या ताम्हिणी घाटाचा पाऊस राज्यातल्या सर्वांत मोठ्या पावसांपैकी. जुलैत हवेतला ओलावा लाकडात शिरतो, मान हलते, तारांची उंची बिघडते. मानेच्या पोटात ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते. तिचा नट पाव फेरा फिरवून मान सरळ करावी लागते. पेटीत सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवून ओलावा ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राखावा लागतो. एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात उलटे घडते: पट्टी किंचित आकसते आणि फ्रेटची टोके कडेने बोटाला टोचू लागतात. अशा वेळी शिसवाचे मोल कळते. तेलकट, घट्ट पोताचे हे लाकूड हवापालटाला इतरांपेक्षा कमी बधते. ज्या डोंगराच्या पावसात ते वाढले, त्याच पावसाला ते आपल्या खोलीतही तोंड देत असते.

आता हा शिसवही निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय यादीत 'असुरक्षित' म्हणून नोंदला गेला आहे. ब्राझीलच्या पट्टीला आज जी किंमत आहे, तिचा मोठा भाग एका जंगलाच्या ऱ्हासाची किंमत आहे. आपल्या झाडाला तसा मान कधीही मिळू नये असे मला मनापासून वाटते.

संग्राहकाच्या आवडीचा परिणाम थेट जंगलावर होतो, याचा दाखला आफ्रिकेतून मिळतो. टेलर गिटार कंपनीने २०११ मध्ये कॅमेरूनमधली एबनीची गिरणी भागीदारीत घेतली. तिथे कळले, की गिऱ्हाइकाला एकसारखे काळेच लाकूड हवे म्हणून रेषा निघालेली झाडे तोडून जंगलातच टाकून देतात. कंपनीने रेषांचे एबनी वापरायला सुरुवात केली आणि गिऱ्हाइकाने ते घेतले. गिऱ्हाइकाने डोळ्याची सवय बदलली, तेवढ्याने झाडे वाचू लागली.

इथेही तेवढे करता येईल. छंद सोडायची गरज नाही. जुनी गिटार घेणे म्हणजे आधीच तुटलेल्या झाडाला आणखी पन्नास वर्षे वाजते ठेवणे. नवी घेताना पट्टी कोणत्या झाडाची आणि कुठून आली हे विचारावे, आणि फिकट, रेषांची पट्टीही आवडीने घ्यावी. ज्यांचे मुळशीत चार गुंठे आहेत त्यांनी बांधावर शिसव लावावा. त्याचा गाभा नातवंडांना दिसेल. आणि ज्या वहीत प्रत्येक गिटारचे साल, क्रमांक आणि पिकअप लिहिलेले असतात, त्या वहीत झाडाच्या नावाचा आणि गावाचा एक रकाना वाढवावा. ब्राझीलच्या झाडाबाबत ही जाग यायला फार उशीर झाला. शिसवाबाबत ती पुढच्या खरेदीपासून दाखवता येते.