खिडकीच्या एका बटणाचा तंटा

संगणकाच्या पडद्यावरील खिडकीस ती लहान करण्याचे बटण असावे की नसावे, हा प्रश्न सुज्ञ वाचकांस पोरकट वाटेल. परंतु मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात याच जातीच्या प्रश्नांवरून भाऊबंद विभक्त झाले आहेत.

आमचा व्यवसाय वकिलीचा. त्यामुळे आमची दृष्टी प्रथम परवान्याकडे जाते, आणि या तंट्याचे मूळही तेथेच सापडते. १९९६ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील ट्युबिंगेनचा विद्यार्थी मथियास एट्रिख याने लिनक्ससाठी 'केडीई' हा डेस्कटॉप रचण्याचे आवाहन केले. आधारास घेतलेले 'क्यूटी' हे साधन मात्र नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीचे. ते फुकट मिळे, पण सुधारून वाटण्याची मुभा नव्हती. घर आपले आणि पाया परक्याचा! हाच आक्षेप घेऊन १९९७ च्या ऑगस्टात मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा व फेदेरिको मेना यांनी 'ग्नोम' आरंभिला. पुढे २००० साली क्यूटी जीपीएल परवान्याखाली आले. दाव्याचे कारण नाहीसे झाले, दावा मात्र चालू राहिला. न्यायालयाची पायरी चढलेल्यांस याचे नवल वाटू नये.

आता वाद रुचीचा झाला. प्रत्येक जादा पर्याय तपासावा लागतो, त्यातून दोष उपजतात आणि वापरणारा गोंधळतो, असे ग्नोमचे हॅवॉक पेनिंग्टन यांनी मांडले. २००२ च्या 'ग्नोम २' वर या विचाराची छाप दिसते. केडीईवाल्यांनी उलट सर्व किल्ल्या वापरणाऱ्याच्या हाती दिल्या. लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ साली लोकांस केडीई घेण्याचा उघड सल्ला दिला. पेनिंग्टन यांचा युक्तिवाद आम्हांस बिनतोड वाटतो. परंतु २०११ च्या एप्रिलात 'ग्नोम ३' ने खिडकी लहान करण्याचे बटण आणि खालची पट्टी काढून टाकली, तेव्हा त्या युक्तिवादाचा अतिरेक झाला. सुविधाधिकारास आपल्या कायद्यात वीस वर्षांची वहिवाट लागते. येथे ती नऊच वर्षांची होती, तरी हाताला वळण पडण्यास नऊ वर्षे पुष्कळ झाली. टोरव्हाल्ड्स त्या वर्षी ग्नोम सोडून एक्सएफसीईकडे गेले.

देवस्थानच्या पालखीच्या मानाचे दावे आम्ही पाहिले आहेत. पालखी एकच असते, म्हणून हरणारा रिक्त हस्ते घरी जातो. येथे परवान्यानेच हरणाऱ्यास सारी पालखी जशीच्या तशी उचलून नेण्याचा हक्क दिला होता. अर्जेंटिनातील एका वापरणाऱ्याने ग्नोम २ ची संहिता घेऊन 'माते' उभा केला. दक्षिण अमेरिकेतील चहासारख्या पेयाचे ते नाव. लिनक्स मिंटने ग्नोम ३ च्याच संहितेतून 'सिनॅमन' घडविला. उबुंटूने आपली 'युनिटी' निराळी मांडली आणि २०१७ साली ती सोडून पुन्हा ग्नोमचा आश्रय घेतला.

ग्नोमच्या मूळ आवृत्तीत खिडकीवर आजही बंद करण्याचे एकच बटण दिसते. उबुंटूवाले लोकांच्या हाती देण्यापूर्वी उरलेली दोन त्यास जोडून देतात.