सेल मारण्याआधी

बंगळूर समुद्रापासून रस्त्याने साडेतीनशे किलोमीटर आत आणि नऊशे मीटर उंचीवर. तरीही दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की मालवण, गोवा, गोकर्णहून पाण्यावरच्या स्कूटर टेम्पोत घालून माझ्या गॅरेजला येतात. सोबतच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा एकच ओळ असते : चालू होत नाही. किनाऱ्यावरचे पाहुणे विचारतात, या डोंगरावरच्या गावात हा धंदा कसा काय रुजला? मी त्यांना बेळ्ळंदूर तळ्याचा पत्ता देतो. आज ते तळं फेसासाठी आणि पाण्याला लागलेल्या आगीसाठी बदनाम आहे. दुसऱ्या महायुद्धात मात्र त्याच पाण्यावर विमानं उतरत होती.

ही गोष्ट सोलापूरच्या माणसापासून सुरू होते. वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, 1882 चा. 1939 मध्ये विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी पडली. पॉलीचा चीनमध्ये विमानं जोडण्याचा कारखाना होता. असाच कारखाना हिंदुस्थानात का नको, हा विचार वालचंदांच्या डोक्यात बसला तो सुटेना. म्हैसूरच्या दरबाराने जमीन दिली, भांडवलात वाटा उचलला, दिवाण मिर्झा इस्माइल पाठीशी राहिले. 23 डिसेंबर 1940 ला बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंद झाली. पुढच्याच वर्षी इथे जोडलेलं हार्लो जातीचं शिकाऊ विमान उडालं. 1942 मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि 1943 मध्ये कारखान्याचा कारभार अमेरिकन हवाई दलाकडे गेला. इंग्रज सरकारला गरज पडली तेव्हा मराठी मुलखातल्या उद्योगपतीचा कारखाना चालला, उद्योगपती मात्र दाराबाहेर. हे माझं मत, इतिहासकारांनी वाटल्यास सौम्य करावं.

अमेरिकन आले आणि नव्या विमानांपेक्षा दुरुस्तीचं काम मोठं झालं. त्यात कॅटलिना नावाचं विमान होतं. होडीसारखं पोट असलेलं, वरती लांबच लांब पंख, पंखावर दोन इंजिनं. यातल्या काही जातींना चाकं नसत. त्यांना उतरायला पाणीच लागे. कारखान्याच्या दक्षिणेला बेळ्ळंदूरचं तळं होतं, तेव्हा भरलेलं आणि स्वच्छ. विमान तळ्यात उतरायचं, पाण्यातच त्याला तात्पुरती चाकं लावायची, मग ओढून वर काढायचं. समुद्रावर गस्त घालणाऱ्या इंजिनांची दुरुस्ती समुद्र न पाहिलेल्या गावात होत होती.

त्या इंजिनाकडे जरा जवळून बघू, कारण माझ्या धंद्याचा पहिला धडा तिथेच आहे. प्रॅट अँड व्हिटनीचं ट्विन वास्प : चौदा सिलिंडर दोन चक्रांत गोल मांडलेले, ताकद बाराशे अश्वशक्ती. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग म्हणजे एका इंजिनाला अठ्ठावीस, विमानाला छप्पन्न. गोल मांडणीमुळे काही सिलिंडर खाली डोकं करून लटकतात. इंजिन उभं राहिलं की तेल हळूहळू पाझरून त्या खालच्या सिलिंडरांत साठतं. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. अशा वेळी स्टार्टर मारला तर पिस्टन तेलावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून सेल मारण्याआधी पंखा हाताने फिरवून बघायची शिस्त होती. पंखा अडला तर जोर लावायचा नाही. खालचे प्लग काढायचे, तेल वाहू द्यायचं आणि मग पुढचं.

आज पाण्यावरची स्कूटर उलटी होते, सिलिंडरात पाणी शिरतं, तेव्हा अगदी हेच होतं. बटण दाबलं की एकदा ‘टक्’ आवाज येतो आणि शांतता. मालक समजतो, बॅटरी उतरली. मग दुसरी बॅटरी आणून जोडतो, म्हणजे रॉड वाकवायची पूर्ण व्यवस्था करतो. फोनवर मला ऐकू येतं, “अण्णा, सेल मारून मारून दमलो.” मी म्हणतो, “हात काढा बटणावरून. आधी प्लग काढा.” प्लग काढून सेल मारला की भोकांतून पाण्याची पिचकारी उडते, आणि निम्मा रोग तिथेच बाहेर पडतो.

आता ठिणगीकडे येऊ. 1902 मध्ये जर्मनीत बॉश कंपनीच्या गॉटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग तयार केला. बॅटरीशिवाय जोरदार ठिणगी मिळाली, तेव्हापासून इंजिनं भरवशाची झाली. त्या बॉशचं भारतीय रूप म्हणजे मायको, स्थापना 1951. बंगळुरात आडुगोडीला तिचा कारखाना उभा राहिला आणि तिथे प्लग बनू लागले. नाशिककरांना मायको सर्कल ठाऊक आहेच. सातपूरचा कारखाना याच घराण्यातला. 2008 मध्ये मायको नाव जाऊन बॉश लिमिटेड झालं, पण आमच्या बाजारात म्हातारे मेकॅनिक अजून ‘मायको दे’ असंच म्हणतात.

त्यातच शेजारच्या म्हैसुरात 1961 पासून आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला. आधी जावा, मग येझदी. 1996 मध्ये तो बंद पडला. पस्तीस वर्षं या भागातल्या पोरांनी टू-स्ट्रोक इंजिन शिकायचं ते याच गाडीवर. किकचा दांडा तोच गिअरचा दांडा. थंड सकाळी कार्बोरेटरवरचं छोटं बटण दाबून पेट्रोल ओघळेपर्यंत थांबायचं, मग किक. घाई करून दहा किका मारल्या की प्लग ओला, आणि ओला प्लग म्हणजे अर्धा तास गेला. बंगळूरच्या जे. सी. रोडच्या आतल्या गल्लीत मी हातात पाना धरला तेव्हा आमच्या मेस्त्रींनी पहिली ताकीद दिली ती किकेबद्दलच : इंजिनाला आधी विचार, मग लाथ मार. पुढे आरएक्स शंभर आली, तिच्यावर तर बंगळूरचं आजही प्रेम आहे. या साऱ्यांतून गल्लोगल्ली असे हात तयार झाले ज्यांना प्लगचा रंग पाहून इंजिनाची तब्येत कळते. तांबूस विटकरी असेल तर ठीक. काळा, तेलकट असेल तर पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमी. पांढराफटक असेल तर सावध, पेट्रोल कमी पडतंय, पिस्टन धरेल.

पाण्यावरच्या स्कूटरचा इतिहास इंजिनाच्या मानाने अगदी ताजा. ऍरिझोनातल्या क्लेटन जेकबसन या मोटोक्रॉसवाल्याच्या डोक्यातली कल्पना. 1968 मध्ये कॅनडाच्या बॉम्बार्डिअरने सी-डू काढून पाहिली, ती लवकरच थंडावली आणि बऱ्याच वर्षांनी परतली. कावासाकीची उभं राहून चालवायची जेट स्की सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आली आणि टिकली. बसून चालवायची यामाहाची वेव्हरनर ऐंशीच्या दशकातली. 2002 च्या आसपास फोर-स्ट्रोक आल्या. पण किनाऱ्यावर अजून जुन्या टू-स्ट्रोक फिरतात, आणि त्या माझ्याकडे येतात.

तपासणीचा क्रम मेस्त्रींनी शिकवला तोच, पुढे पाण्याची भर घातली. सर्वांत आधी मनगटाची लाल दोरी. ती टोपणात नीट बसली नसेल तर मशीन चालू होणारच नाही, आणि मालवणहून बंगळूरपर्यंत आलेली मशीनं केवळ दोरीमुळे बंद निघतात, हे कुणाला खरं वाटत नाही. मग बॅटरी : उभी असताना साडेबाराच्या वर व्होल्ट हवेत, सेल मारताना दहाच्या खाली जाऊ नयेत. मग प्लग बॉडीला टेकवून करंट. निळी, टणक ठिणगी हवी, पिवळी असली तर कॉइल किंवा जोडणीवरचं खारं पाणी बघा. मग कॉम्प्रेशन : दोन सिलिंडरांच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर इंजिन उघडण्याला पर्याय नाही. एवढं ठीक निघालं की प्लगच्या भोकात चमचाभर पेट्रोल-ऑइलचं मिश्रण टाकायचं आणि सेल मारायचा. एक-दोन सेकंद भडकून बंद पडलं तर ठिणगीचा दोष नाही, पेट्रोल पोहोचत नाही.

पेट्रोल कुठे अडतं? नव्वदच्या दशकातल्या काही सी-डू मशीनांत राखाडी पाइप होते. ते आतून विरघळतात आणि हिरवट चिकट गाळ होऊन कार्बोरेटरच्या इवल्याशा जाळीत बसतात. बाहेरून पाइप धडधाकट दिसतो, म्हणून मी तो कापूनच बघतो. दुसरा दोष आपल्या पेट्रोलचा. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल हवेतला ओलावा शोषतं. पावसाळ्याचे चार महिने ताडपत्रीखाली टाकीत पडून राहिलं की पाणी आणि इथेनॉल तळाला उतरतात, वर पेट्रोल. आणि नळी तर तळाशीच असते.

आणखी एक गोष्ट बंगळूरचीच. इथली हवा विरळ. आमच्याकडे नीट सूर लावलेला कार्बोरेटर मालवणच्या पातळीवर गेला की दाट हवा मिळते, पेट्रोल तेवढंच राहतं, मिश्रण पातळ होतं आणि टू-स्ट्रोकचा पिस्टन गरम होऊन धरतो. म्हणून मशीन पाठवताना स्क्रू थोडा मोकळा ठेवतो आणि चिठ्ठीत लिहितो : समुद्रावर पोचल्यावर पहिल्या दिवशी पूर्ण थ्रॉटल नको, प्लगचा रंग पाहून मग. ही चिठ्ठी वाचणारे थोडेच.

देवबागच्या त्सुनामी बेटावर दिवसभर स्कूटर फिरवणारी पोरं इंजिन धुताना हमखास एक चूक करतात : नळ आधी सुरू, इंजिन नंतर. बंद इंजिनात नळाचं पाणी धुराड्यातून उलटं सिलिंडरात चढतं. आधी इंजिन चालू, मग नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. कॅटलिनाच्या तेलाचाच हा धडा, फक्त तेलाच्या जागी पाणी.

बेळ्ळंदूरजवळून आता रिंगरोड जातो. वालचंदांनी सुरू केलेली ती कंपनी, म्हणजे एचएएल, 1964 पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्स या नावाने चालते.  आडुगोडीच्या आवारात 2022 च्या जूनमध्ये बॉशच्या नव्या संकुलाचं उद्घाटन झालं. या गावाला इंजिनं कधी नवखी नव्हती.

किनाऱ्यावरच्या दादांनो, विनंती एवढीच. मे अखेरीला टाकी रिकामी करा, सिलिंडरात तेलाची फवारणी करून प्लग लावा, बॅटरी काढून घरात ठेवा. आणि मशीनचं काम असेल तर जूनमध्येच पाठवा. ऑक्टोबरात माझ्याकडे उभी करायलाही जागा नसते.