पिवळं कार्ड

८ ऑगस्ट १९४९ रोजी कल्याणच्या लष्करी कॅम्पचं उल्हासनगर झालं. तिथल्या कॅम्प नं. ३ मध्ये विसावलेल्या सिंधी निर्वासितांच्या मुलखातल्या, सिंधमधल्या हैदराबादच्या सिंधवर्की व्यापाऱ्यांनी फाळणीआधीच पनामापर्यंत दुकानं थाटली होती. आज कॅरिबियन बेटांवरही सिंधी पेढ्या आहेत.

त्या वाटेवर पासपोर्टाच्या जोडीला पिवळं कार्ड हवं. त्रिनिदादहून परतणाऱ्याच्या या कार्डावर पीतज्वराच्या लशीची शिक्का मारलेली नोंद नसेल, तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. गंमत म्हणजे भारतात हा आजार नाहीच! पण तो पसरवणारा एडिस डास, आपला डेंग्यूवालाच, इथे मुबलक.

या डासावर बोट ठेवलं हवानाच्या कार्लोस फिनले यांनी, १८८१ मध्ये. लस आली १९३७ साली. टोचल्यावर दहा दिवसांनीच कार्ड ग्राह्य धरतात. घाईत तिकीट काढणारे इथेच अडकतात. पूर्वी दर दहा वर्षांनी पुन्हा सुई असे, ११ जुलै २०१६ पासून एकदाच टोचलेली जन्मभर चालते.